रुक्कूचं भयाचं पुस्तक

स्वतः वापरून पाहिल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा नियम जन्मभर पाळणारा माणूस अख्ख्या कावेरीकाठी एकच आहे, आणि तो माझा चुलत सासरा आहे. आमच्या यजमानांचे हे धाकटे काका. वय पंचाहत्तरच्या पुढे, अंगावर धोतरासारखी पांढरी वेष्टी, सदऱ्याच्या खिशात बोटभर पेन्सिल आणि चेहऱ्यावर सतत काहीतरी पारखत असल्याचा भाव. लग्न केलं नाही. का केलं नाही याची घरात तीन-चार कारणं सांगतात, पण मला पटलेलं कारण एकच आहे. संसार आधी करून बघता येत नाही आणि आधी बघितल्याशिवाय काका काही करत नाहीत. ही सवय त्यांना धंद्यातून लागली. उभं आयुष्य ते रोज सकाळच्या बसने नाचियार्कोविलला जात आणि तिथल्या पितळेच्या कारखान्यांतून कुंभकोणमच्या एका दुकानासाठी समया निवडून आणत. निवडायच्या म्हणजे वाजवून, वजन बघून नव्हे. प्रत्येक समईत तेल घालायचं, पाचही वाती लावायच्या आणि समोर मांडी घालून बसायचं. तेल झिरपत नाही ना, वात एका अंगाला कलत नाही ना, वारा आला तर काय होतं, हे सगळं डोळ्यांनी पाहायचं. "दुसऱ्याच्या घरी जाऊन विझला तर तो दिवा माझा विझला," असं ते म्हणत. धंदा सोडून पंचवीस वर्षं झाली, पण समया सुटल्यावर ही नजर रिकामी राहिली आणि मग ती आम्हा सगळ्यांवर वळली.

मी मूळची सांगलीची. तंजावरच्या दरबाराबरोबर कधीकाळी इकडे येऊन इथलेच झालेल्या मराठी घरांपैकी एका घरात मला दिली, तेव्हा लग्नाच्या आदल्या दिवशी काका कार्यालयात सगळ्यांच्या आधी हजर झाले आणि अडीचशे खुर्च्यांवर एकेक करून बसून आले. त्यातल्या सात त्यांनी बाजूला काढल्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास, पंगत बसायच्या दीड तास आधी, ते एकटेच पानावर बसले आणि मिठापासून मठ्ठ्यापर्यंत सगळं जेवले. माझ्या वडिलांना वाटलं, प्रवासाने बिचाऱ्यांना भूक लागली असेल. जेवून उठल्यावर काका त्यांना गंभीरपणे म्हणाले, "मसालेभात ठीक आहे. लोकांस वाढा." माझे वडील त्या वाक्याने इतके गोंधळले की त्यांनी हात जोडले. आणि मला काका पहिल्यांदा जे बोलले ते असं, "सूनबाई, तुमचे मराठी फार नवे आहे. वापरून वापरून जुने होईल." पहिले सहा महिने मला वाटायचं की या घरातली माणसं मिळून माझी थट्टा करतात. माणसं आपापसात 'मज', 'तुज', 'कैसे', 'ऐसे' बोलतात, मध्येच तामीळचा एखादा 'सेरी' घालतात, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की पूर्ण तामीळ. पोथीतली मंडळी भाजी निवडायला बसली आहेत असं वाटे.

मग रुक्कू झाली, म्हणजे आमची रुक्मिणी, आणि काकांच्या परीक्षांना ऊत आला. तिच्या पाळण्यात त्यांनी आधी चार किलो तांदूळ झोपवले, मग आठ किलो, आणि मग स्वतःचा एक पाय ठेवून पाहिला. तिचं कडू औषध आलं की पहिला चमचा काका घेत. एकदा तापाच्या औषधाने ते ओट्यावर बसल्या बसल्या असे गाढ झोपले की शेजारच्यांनी मला बोलावून आणलं. तिला शाळेत घालायच्या आदल्या दिवशी ते मुख्याध्यापिकेची परवानगी काढून बालवर्गात एक पूर्ण दिवस बाकावर बसले. संध्याकाळी गुडघे चोळत घरी आले आणि म्हणाले, "खिडकी चांगली आहे. टीचर ओरडतात, पण नंतर त्यांस वाईट वाटते. पाठवा." तिची पहिली सायकल त्यांनी तीन दिवस आमच्या कुंभकोणमच्या महामहम तळ्याभोवती चालवली, लहान मुलींची, पुढे टोपली असलेली, गुलाबी. एवढंच काय, यांना नवा चष्मा लागला तेव्हा तोसुद्धा काकांनी एक दिवस घालून पाहिला आणि बाजारात एका अनोळखी बाईची अर्धा तास विचारपूस करून आले. यावर कुणी काही बोलायचं नाही, असा घरात अलिखित कायदा होता. रुक्कू त्यांना इकडच्या पद्धतीने 'ताता', म्हणजे आजोबा, म्हणायची, आणि तिला तर लहानपणी असंच वाटायचं की प्रत्येक घरात वस्तू आधी वापरून देणारा एक माणूस असतोच.

अशा घरात, पोंगलची सुट्टी संपत असताना, आठवीतल्या रुक्कूने जाहीर केलं की वाढदिवसाला तिला भयाचं पुस्तक पाहिजे. कादंबरी. खरी भीती वाटेल अशी. लहान मुलांची नको.

मला आधी काही सुचेना. मी घरी हिंदीच्या शिकवण्या घेते. मुलांनी कोणतं पुस्तक कोणत्या वयात वाचावं यावर मी इतर आयांना बिनदिक्कत सल्ले देते, पण स्वतःच्या पोरीने असं काही मागितल्यावर माझं डोकं चालेनासं झालं. रुक्कू भित्री नव्हती, पण धीटही नव्हती. पालीला घाबरायची आणि सापाला नाही. तिला यातलं काय द्यायचं? किती रक्त चालेल? भूत चालेल की माणूस चालेल? शेवटी सगळे मरतात ते चालेल का? मी सांगलीला बहिणींना विचारलं. एक म्हणाली, पंधरापर्यंत अजिबात नको. दुसरी म्हणाली, आम्ही दहाव्या वर्षी काय काय वाचलं, आम्हाला काय झालं? तिसरी म्हणाली, "हिलाच बघ काय झालं ते," आणि मग दोघींचं जे भांडण लागलं त्यात माझा प्रश्न वाहून गेला. यांना विचारलं. यांचं शेतीच्या पंपांचं दुकान. ते म्हणाले, "भीती वाटायला पुस्तक कशाला? कुरुवई भाताच्या पेरणीच्या दिवसांत माझ्या दुकानात बसव." आणि काकांना मी विचारलंच नव्हतं. पण काका ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, तिचं टोक पाहिलं आणि म्हणाले, "आणा. मी वाचितो आधी."

इथे एक अडचण सांगायला हवी. काकांनी आयुष्यात एकही कादंबरी वाचली नव्हती. ते इंग्रजी वर्तमानपत्र वाचत, पंचांग वाचत, औषधाच्या बाटलीवरचं वाचत. खोटी गोष्ट लिहून ती विकतात, लोक ती खोटी आहे हे माहीत असून घेतात, हे त्यांना त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे भूत नाही, घर नाही, पोर नाही. तरी भय खरे पाहिजे." मी म्हटलं, "हो काका, तसंच काहीसं." ते म्हणाले, "कठीण माल आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पुस्तकांच्या दुकानात गेलो. दुकानदार तरुण, चुणचुणीत. काकांनी त्याला तामीळमध्ये विचारलं, "तेरा वर्षांच्या मुलीसाठी भीतीचं पुस्तक हवं. किती भीती आहे ते कुठे लिहिलेलं असतं?" तो हसला आणि म्हणाला, मुखपृष्ठ बघा. मुखपृष्ठांवर सगळीकडे तीच काळी झाडं आणि तेच पांढरे हात. काका म्हणाले, हात तर प्रत्येकाला आहेत. शेवटी त्या मुलाने कंटाळून एक जाडजूड कादंबरी दिली, "ही सगळे नेतात" म्हणून. दुसरी मी निवडली, पातळ होती आणि तिच्यात कुत्रा होता म्हणून. आणि तिसरी आम्हाला तिरुनीलक्कुडीच्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंनी दिली. त्या पूर्वी रुक्कूच्या शाळेत होत्या. आम्ही बसने त्यांच्या गावी गेलो, तेव्हा त्या अंगणात लिंबाच्या फोडी वाळत घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पुस्तक नकोसं झालं तर मिटून ठेवता येतं, हे तिला माहीत आहे का?" मी म्हटलं, माहीत असणारच. "सांगून ठेवा," बाई म्हणाल्या. "रक्त किती आहे ते मोजत बसू नका. भ्यालेलं पोर गोष्टीत एकटं आहे की कुणी सोबत आहे, तेवढं बघा. पहिल्या पुस्तकात कुणीतरी सोबत असावं." आणि आतून एक जुनी, कडा दुमडलेली इंग्रजी कादंबरी आणून काकांच्या हातात दिली. वसतिगृहात राहायला गेलेल्या एका मुलीची गोष्ट. बाईंच्या बोलण्याने मला जरा उजाडल्यासारखं झालं होतं, पण परतीच्या बसमध्ये काकांनी विचारलं, "सोबत असेल तर मग भय कैसे?" आणि मी पुन्हा होते तिथेच आले.

चाचणी सुरू झाली. वेळ सकाळी दहा ते दुपारी चार, जागा पुढच्या ओट्यावर, रस्त्यावर वर्दळ असताना. भय मोजायला साधन पाहिजे म्हणून काकांनी यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं. दंडाला पट्टा बांधायचा, एक प्रकरण वाचायचं, बटण दाबायचं, आकडा पेन्सिलीने समासात लिहायचा. भाजीवाली, पोस्टमन, शिकवणीला येणारी मुलं, सगळी थांबून विचारत, "आज किती?" जाड कादंबरीत पहिल्या पन्नास पानांत नऊ माणसं मेली आणि काकांचा रक्तदाब होता तिथेच राहिला. उलट दुसऱ्या आकड्यात थोडा उतार दिसला. त्यांना त्या लेखकाचा रागच आला. "इतुकी माणसे मारली, एकाचेही नाव लक्षात राहत नाही. हे भय नव्हे, नासाडी." कुत्र्याच्या कादंबरीत दुसऱ्याच प्रकरणात त्यांचा आकडा एकदम चढला. मी धावत गेले. विचारलं तर म्हणाले, त्या घरातली माणसं गावाला गेली आणि कुत्र्याला खायला ठेवायला विसरली. पुढे कुत्र्याचं भूत झालं, त्याने गावभर हाहाकार केला, त्याचं काकांना काही वाटलं नाही. "बरोबर केले त्याने," एवढंच म्हणाले. मी डोक्याला हात लावला. या माणसाच्या भीतीवर माझ्या पोरीची भीती बेतायची कशी? काकांना ज्याचं भय वाटतं त्याचं तिला वाटणार नाही, तिला ज्याचं वाटतं ते मला ठाऊक नाही, आणि मला कशाकशाचं वाटतं ते मी कधी मोजलेलं नाही.

मग त्यांनी बाईंची तिसरी कादंबरी उघडली. पहिले दोन दिवस काही विशेष झालं नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी पट्टा सोडून ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी ते जेवायला आले नाहीत. ताट झाकून ठेवलं, तर संध्याकाळीही नुसता दहीभात खाल्ला, तोही अर्धा. ओट्यावर बसायचं सोडून ते आत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसू लागले. यांना वाटलं ऊन लागलं. मला वाटलं, सापडलं एकदाचं भयाचं पुस्तक, आणि सापडलं ते इतकं पक्कं की आता ते रुक्कूला द्यायचं तरी कसं? मी विचारलं, "काका, फार भयंकर आहे का? भूत आहे?" ते म्हणाले, "पावले ऐकू येतात. भूत असेल. भुताचे काही नाही गे. ती पोर घरी चार पत्रे लिहिते, की मज इथे भय वाटते. बाप उत्तर देतो, हवापालट झाला की बरे वाटेल. चारही वेळा तेच उत्तर." एवढं बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. जणू ते उत्तर मीच टाकलं होतं.

त्याच संध्याकाळी रुक्कू शाळेतून आली, दप्तर ठेवलं, कॉफी घेऊन झोपाळ्यावर बसली, तेव्हा काका तिच्याजवळ गेले आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो तीन आठवड्यांत आमच्यापैकी एकालाही विचारावासा वाटला नव्हता.

"रुक्कू, तुज भयाचे पुस्तक कशास पाहिजे?"

ती लगेच म्हणाली, "सवयीला."

"कसली सवय?"

"जूनमध्ये हॉस्टेलला जायचे आहे ना, ताता. तिथल्या मुली म्हणे नव्या मुलींस भिववतात. रात्री अम्मा नसणार. मग इथेच थोडे थोडे भिऊन घेतले तर तिथे कमी लागेल, ऐसे वाटले." मग पेल्यात बघत म्हणाली, "तुम्ही नाही का सगळे आधी करून बघता."

मी स्वयंपाकघरात डोशाचं पीठ ढवळत होते, तो हात तसाच राहिला. चेन्नईच्या त्या शाळेचा अर्ज आम्ही दिवाळीनंतरच भरला होता. नववीपासून तिथे गेली की पुढचं सगळं सोपं, असं सगळे सांगत होते. रुक्कूला आम्ही विचारलं होतं. म्हणजे आम्ही तिला सांगितलं होतं आणि ती "सेरी" म्हणाली होती, आणि इकडे 'सेरी'चा अर्थ 'ठीक आहे' असाच होतो. नंतर एकदा तिने विचारलं होतं, तिथे खोलीत किती जणी असतात. एकदा विचारलं होतं, आजारी पडलं तर घरी सोडतात का. आणि मी काय उत्तर दिलं होतं ते मला आठवलं. मी म्हटलं होतं, गेल्यावर होईल सवय.

रात्रीच्या जेवणाला यांच्या कानावर घातलं, तर हेही गोंधळले. पैसे भरायची तारीख तोंडावर, शाळा नामांकित, पोर हुशार. न पाठवावं तर तिचं नुकसान, पाठवावं तर पोर भीतीची शिकवणी घेऊन बसलेली. आम्ही तिला समोर बसवून विचारलं, "तुला जायचं आहे की नाही?" ती म्हणाली, "ठाऊक नाही." तिला खरंच ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतं. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका उठले, भिंतीवरच्या खुंटीची पिशवी काढली आणि म्हणाले, "उद्या मी राहून बघून येतो."

मुलींच्या वसतिगृहात पंचाहत्तरीच्या पुरुषाला कुणी राहून बघू देणार नाही, हे सांगण्यात आम्ही अख्खी रात्रीची पंगत घालवली. पण सकाळच्या गाडीने ते गेलेच. तिथे जे झालं ते त्यांनी स्वतःच सांगितलं. फाटकावरच्या बाईने त्यांना आत सोडलं नाही. मग वसतिगृहाच्या अधीक्षिका आल्या, मोठ्या सभ्य होत्या. काकांनी त्यांना समयांचं सगळं समजावून सांगितलं, तेल, वाती, वारा. त्या बाईंना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी काकांना माहितीपत्रक दिलं, आतून कॉफी मागवली आणि फाटकाजवळच्या बाकावर हवं तेवढं बसा म्हणाल्या. काका चार तास बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी परत आले आणि पिशवी खुंटीला न लावता मांडीवरच घेऊन बसले.

"कसं आहे, काका?" यांनी विचारलं.

"कॉफी पाणी आहे."

"आणि बाकी?"

"आतून हसण्याचा आवाज येत होता," ते म्हणाले. "खूप पोरी हसत होत्या. पण न हसणारी एखादी होती की नाही, ते भिंतीबाहेरून कळत नाही. मज कळले नाही." वीस वर्षांत 'मज कळले नाही' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. पुढे हळूच म्हणाले, "हे मज तिच्या आधी करून बघता येत नाही."

रुक्कूचा वाढदिवस आला. काकांनी बाईंना विचारून तीच तिसरी कादंबरी खाकी कागदाचं वेष्टण घालून तिच्या हातात ठेवली. तिने ती उघडली, तर समासात सगळीकडे पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपा. काका मराठी लिहितात ते तामीळ लिपीत, या घरांतून बऱ्याच जणांना तीच सवय आहे. रुक्कूला ते देवनागरीपेक्षा सोपं जातं. माझी तामीळ लिपी बसच्या पाट्यांवर शिकलेली, तरी मी तिच्या खांद्यावरून डोकावून अक्षर अक्षर लावत वाचू लागले. पान बावीस, 'इथे पिऊ नको.' पान तीस, 'इथेही पिऊ नको, पुढे दार उघडते.' पान एकेचाळीस, 'थोडी पिशील, पण बाजूच्या खाटेवर मैत्रीण आहे.' मला काही अर्थ लागेना. काय पिणार आहे ही? तेराव्या वर्षी? मी काकांना घाबऱ्या घाबऱ्या विचारलं, तेव्हा रुक्कू इतकी हसली की तिला ठसका लागला. तामीळमध्ये प, ब आणि भ यांना अक्षर एकच. काकांनी लिहिलं होतं 'भिऊ नको'. मी पानापानावर पोरीचं पाणी बंद करत होते.

टिपा एकशे सेहेचाळीसाव्या पानापर्यंत होत्या. 'हे पान बसून वाच.' 'इथे थांबून कॉफी घे.' 'बाप पुन्हा तेच लिहितो. गाढव आहे.' आणि नंतर समास कोरे. निम्म्याहून थोडं पुढे, बस्स. मी त्यांना एकीकडे बोलावून विचारलं, "काका, पुढचं?"

"पुढे मी वाचिले नाही."

"आणि तसंच दिलंत?"

"तसेच दिले," ते म्हणाले. चोरी पकडल्यासारखे दिसत होते. "मज भय वाटले, सूनबाई. चार वेळा उघडिले, चार वेळा मिटिले. मग वाटले, एकदा तरी कोणी पुढे जाऊन येऊन मज सांगावे."

रविवारी सकाळी रुक्कू झोपाळ्यावर ते पुस्तक घेऊन बसली. पहिल्या भागात ती मधून मधून खुदकन हसे. टिपा वाचून हसत होती हे उघड होतं. मग हसणं थांबलं. झोपाळाही थांबला. काका खांबाआड उभे राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मी काकांच्या चेहऱ्याकडे. दुपारी एकच्या सुमारास तिने पुस्तक मिटलं, काकांना ओट्यावर नेलं आणि त्यांच्या शेजारी पाय सोडून बसली. काकांनी घाईघाईने दंडाला पट्टा बांधला. मग तिने त्यांना पुढची सगळी गोष्ट सांगितली, त्यांच्या घरच्या जुन्या मराठीत, न चुकता, एकेक पाऊल. ती पावलं कुणाची होती, ती पोर जिन्यावर कशी गेली. तिथे तिला एक दुसरी मुलगी भेटते, फार पूर्वीची. तिनेही घरी पत्रं लिहिली होती आणि तिला कुणी उत्तरच दिलं नव्हतं. मग ही बसून तिला उत्तर लिहिते.

"मग?" काकांनी विचारलं.

"मग पावले थांबतात. संपले."

"इतुकेच?"

"इतुकेच, ताता."

"मग मी पाच दिवस जेवलो नाही ते कशास?" असं म्हणून काकांनी पट्टा सोडला आणि डोळे पुसले. मी आणि हे दारात उभे होतो. रुक्कूने मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात, जसं वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तसं, म्हणाली, "मज आत्ता जायचे नाही. दहावी झाल्यावर जाते. तेव्हा कोणी धाडायला नको, मीच जाईन." हे म्हणाले, "सेरी." त्या 'सेरी'चा अर्थ मात्र मी नंतर त्यांना दोनदा विचारून खात्री करून घेतली.

या जूनमध्ये ती गेली. शाळा दुसरी, गाव तेच, चेन्नई. कपडे तिने स्वतः भरले, आणि जाताना कुणी काही तपासायला मागितलं नाही. काका आता थोडे थकले आहेत. डोळ्यांत मोतीबिंदू झालाय, आणि शस्त्रक्रिया आधी दुसऱ्या कुणावर करून बघता येत नाही म्हणून टाळत आले आहेत. नवी गादी आली तर हाताने नुसती चाचपतात आणि "असेल बरी" म्हणतात. रुक्कू मात्र दर रविवारी दुपारी फोन करते आणि वसतिगृहाच्या वाचनालयातली एखादी भयकथा त्यांना वाचून दाखवते. वाचते इंग्रजी आणि सांगते घरचं मराठी. काका ओट्यावर बसून दोन्ही हातांनी फोन कानाशी धरतात. मध्येच "थांब, थांब" म्हणतात, श्वास घेतात, मग "हं, बोल." या दोघांत घाबरतं कोण आणि धीर देतं कोण, हे मला अजून नीट उलगडलेलं नाही.

गेल्या रविवारी मी कॉफी घेऊन बाहेर गेले तेव्हा फोनचा उजेड विझलेला होता. तिकडून कधीच कट झाला असावा, तिकडे रेंज जाते अधूनमधून. काकांना ते कळलं नव्हतं. ऐन प्रसंगी रुक्कू श्वास घ्यायला थांबली आहे असं समजून ते फोन कानाशी घट्ट धरून बसले होते, मान जरा पुढे, रस्त्याकडे अधू नजर लावून. मी सांगणार होते. मग पेला हातात तसाच घेऊन त्यांच्या मागे उभी राहिले, आणि तिचा पुन्हा फोन येईपर्यंत काही बोलले नाही.